कुलाब्याची सुई आणि बीडचा कातळ

बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात नांदूरघाट नावाचे गाव आहे. बालाघाटच्या पठारी मुलखातले हे गाव. पाऊस मुळात कमी आणि तोही बेभरवशाचा. वर कुठे काळी माती, कुठे मुरूम आणि त्याखाली थरावर थर रचलेला कातळ. अशा मुलखात बोअर घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न पडतो तो 'कुठे?' हा. कोणी पाणाड्याला बोलावतो. तो बेचकीच्या आकाराची फांदी किंवा तळहातावर नारळ घेऊन शिवारात फिरतो आणि एका जागी थांबतो. कोणी यंत्रवाल्याला बोलावतो. तो पेटीवरचे आकडे पाहत फिरतो आणि तोही एका जागी थांबतो. दोघांनाही पैसे मोजावे लागतात, आणि बोअर कोरडी गेली तर कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर राहते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा जमिनीखाली काय आहे हे वरून कळते का, हा या भागात नुसता कुतूहलाचा प्रश्न नाही.

पाणाड्याच्या फांदीला पाणी कळते असे दाखवणारा पुरावा चाचण्यांमध्ये मिळालेला नाही, म्हणून तो विषय येथे बाजूला ठेवू. यंत्राचे मात्र तसे नाही. ते खरोखरच काहीतरी मोजते. पण काय मोजते? ते पाणी मोजत नाही. जमिनीतून वीज किती सहज वाहते, म्हणजे जमिनीची विद्युतवाहकता, ते मोजते. 'वाहकता' आणि 'पाणी' या दोन शब्दांमधले अंतर किती मोठे आहे ते समजून घ्यायचे तर ही विद्या आली कुठून ते पाहावे लागेल. गंमत अशी की त्या कथेतले एक महत्त्वाचे पान आपल्या मुंबईत, कुलाब्याला लिहिले गेले आहे.

त्याआधी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. जुन्या ध्वनिवर्धकातले जड चुंबक दोरीला टांगा आणि लंबकासारखे झुलवा. खाली लाकडी पाट असेल तर ते बराच वेळ झुलत राहते. आता पाटाच्या जागी तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा जाड पत्रा, चुंबकाला जवळजवळ लागेल इतक्या जवळ ठेवा. चुंबक लवकर थांबते. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे मुलांना आधी दाखवून ठेवावे, म्हणजे प्रश्न टोकदार होतो: मग थांबवले कोणी? उत्तर फॅरेडेने १८३१ मध्ये दिले. बदलते चुंबकीय क्षेत्र वाहकात विजेचे प्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र मूळ बदलाला विरोध करते. पत्रा जितका चांगला वाहक, तितका हा विरोध जोरदार. म्हणजे पत्र्याला हात न लावता, तार न जोडता, केवळ चुंबकाच्या वागण्यावरून त्याची वाहकता अजमावता येते. पत्र्याच्या जागी पृथ्वी ठेवली की आपला विषय सुरू झाला.

पृथ्वीवर असे चुंबक कोण झुलवणार? ते काम निसर्गच करतो. होकायंत्राची सुई स्थिर दिसली तरी ती दिवसभरात अगदी थोडी, कमानीच्या काही मिनिटांइतकी, इकडून तिकडे सरकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करते. हे बारीक सरकणे तासातासाला टिपून ठेवण्याचे काम कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून सुरू झाले. वेधशाळा त्याआधीची, १८२६ ची. ईस्ट इंडिया कंपनीने ती जहाजांना वेळ देण्यासाठी आणि आकाशातील वेधांसाठी उभारली होती. गणिती गाउसच्या प्रेरणेने युरोपभर चुंबकीय वेधांचे जे जाळे विणले जात होते, त्याचाच एक धागा म्हणून येथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक आर्लिबार हे त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते. बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ तिचा कारभार पाहिला. केरूनाना छत्रे तर कोवळ्या वयातच तेथे साहाय्यक म्हणून लागले आणि जवळजवळ दहा वर्षे राहिले. पुढे पुण्यात गणिताचे अध्यापक म्हणून नाव मिळवलेले आणि लोकमान्य टिळकांना शिकवणारे ते हेच केरूनाना. आज हे काम यंत्र करते. त्या काळी रात्री-अपरात्री दिव्याच्या उजेडात दुर्बिणीतून सुईचे स्थान वाचायचे आणि वहीत लिहायचे, असे ते होते. कंटाळवाणे म्हणावे तर खरोखरच कंटाळवाणे. पण डोळ्यांनी घेतलेल्या अशाच वाचनांमुळे सप्टेंबर १८५९ चे प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वहीत पकडले गेले, आणि दीडशे वर्षांनीही शास्त्रज्ञ ते पान उघडून पाहतात.

आता मँचेस्टरला जाऊ. तेथे आर्थर शूस्टर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. रोजचे हे सरकणे वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युतप्रवाहांमुळे होत असावे, असे बाल्फोर स्ट्यूअर्ट यांनी १८८२ मध्ये सुचवले होते. ते खरे की कारण जमिनीच्या पोटात आहे, हे शूस्टरना तपासायचे होते. गाउसने त्यासाठी गणित तयार करून ठेवले होते: पृथ्वीवर निरनिराळ्या ठिकाणी सुई आडवी किती सरकते आणि उभी किती कलते हे माहीत असेल, तर बदलाचा कोणता भाग वरून येतो आणि कोणता खालून, हे वेगळे काढता येते. शूस्टरनी १८७० सालच्या नोंदी घेतल्या, फक्त चार वेधशाळांच्या: सेंट पीटर्सबर्ग, ग्रीनिच, लिस्बन आणि मुंबई. पहिली तीन युरोपातली, उत्तरेकडची. विषुववृत्ताच्या त्यातल्या त्यात जवळची एकटी मुंबई. आमच्या मते ती नसती तर तीन युरोपीय ठिकाणांवरून साऱ्या पृथ्वीबद्दल बोलण्याचे धाडस फारच लंगडे ठरले असते.

१८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचे निष्कर्ष आजही मुळात टिकून आहेत. बदलाचा मोठा भाग वरूनच येतो. लहान भाग खालून येतो, पण तो स्वतंत्र नाही. वरच्या बदलाने पृथ्वीत जे प्रवाह निर्माण होतात त्यांचा तो प्रतिसाद आहे. आपल्या प्रयोगातल्या तांब्याच्या पत्र्याप्रमाणेच. शूस्टर येथेच थांबले असते तरी चालले असते. पण त्यांचे सहकारी होरेस लॅम यांनी वाहक गोलात असे प्रवाह कसे वाहतील याचे गणित करून दिले होते. सगळा गोल सारख्याच वाहकतेचा असेल तर प्रतिसाद किती मोठा असावा आणि वरच्या बदलापेक्षा वेळेत किती पुढे-मागे असावा, या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतात. प्रत्यक्षातले आकडे तसे जुळेनात. शूस्टरनी अनुमान काढले की पृथ्वी सर्वत्र सारखी वाहक नाही. वरचे थर कमी वाहक आहेत आणि आतला भाग जास्त. १९१९ मध्ये सिडनी चॅपमन यांनी पुष्कळ अधिक वेधशाळांच्या नोंदी घेऊन हेच अनुमान पक्के केले आणि कमी वाहक कवचाची जाडी काही शे किलोमीटर ठरवली. खड्डा न खणता, तार न पुरता इतक्या खोलीवरची वाहकता माणसाने प्रथमच मोजली होती, आणि त्यात कुलाब्याच्या वह्यांचा वाटा होता.

पुढे त्या कुलाब्यालाच जागा सोडावी लागली. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्यापुढे पेच उभा राहिला. ट्रामचा प्रवाह रुळांतून परतताना थोडा जमिनीत गळतो आणि सुईला भुलवतो. मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या मालिकेचा सांधा तुटणार नाही, आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबवले. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. शाळेत पट्टी बदलताना जुन्या आणि नव्या पट्टीने एकच वस्तू मोजून पाहावी, असे आपण मुलांना सांगतो. मूस यांनी तेच केले, फक्त दोन वर्षे सलग. अलिबागची वेधशाळा आजही नोंदी घेते.

शूस्टरची पद्धत फार खोलवर पाहणारी होती. एखाद्या जिल्ह्याखाली, एखाद्या शिवाराखाली काय आहे ते तिला दिसत नव्हते. त्यासाठी एक साधा नियम उपयोगी पडतो. विद्युतचुंबकीय संकेत वाहक जमिनीत शिरताना क्षीण होत जातो. संथ संकेत खोल जातो, जलद संकेत वरवर विझतो. किती खोलीवर तो सुमारे ३७ टक्के उरतो हे काढायचे असेल तर जमिनीची रोधकता, म्हणजे वाहकतेचा व्यस्त, ओहम-मीटरमध्ये घ्या. तिला संकेताच्या आवर्तकालाने, म्हणजे एका हेलकाव्याला लागणाऱ्या सेकंदांनी, गुणा. वर्गमूळ काढा आणि त्याला ५०० ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येते. रोधकता १०० आणि आवर्तकाल १ सेकंद असेल तर ५,००० मीटर. आवर्तकाल १०० सेकंद केला तर ५० किलोमीटर. म्हणजे संकेत निवडला की खोली निवडली जाते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या आकड्यांचा तक्ता करून पाहावा.

दुसरी पायरी रशियातल्या तिखोनोव यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्समधल्या कान्यार यांनी १९५३ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे सुचवली. एकाच ठिकाणी दोन गोष्टी मोजा: चुंबकीय क्षेत्रातला बदल आणि त्याच वेळी जमिनीत निर्माण होणारे विद्युतक्षेत्र. जमीन चांगली वाहक असेल तर थोड्याशा विद्युतक्षेत्रानेही प्रवाह वाहतो, म्हणून विद्युतक्षेत्र लहान दिसते. विद्युतक्षेत्र दर किलोमीटरला मिलिव्होल्टमध्ये आणि चुंबकीय बदल नॅनोटेस्लामध्ये घेऊन त्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करा, आवर्तकालाने गुणा, पाचाने भागा, रोधकता मिळते. समजा आवर्तकाल १० सेकंद आणि गुणोत्तर ५ आले. पंचवीस गुणिले दहा भागिले पाच, म्हणजे ५० ओहम-मीटर. मघाचा नियम लावला तर हा संकेत साधारण ११ किलोमीटरपर्यंत पाहतो आहे. यंत्राला स्वतःचा संकेत पाठवावा लागत नाही. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतामुळे होणारी संथ थरथर आणि जगभर कुठेतरी चमकत राहणाऱ्या विजांची जलद थरथर, दोन्ही फुकट मिळतात. जमिनीत पुरायचे असते ते इतकेच: पन्नास-शंभर मीटर अंतरावर मोरचुदासारख्या क्षाराचे द्रावण भरलेली सच्छिद्र भांडी आणि चुंबकीय बदल टिपणारी लांबट वेटोळी. शत्रू मात्र तोच, मूस यांचा. ट्रामच्या जागी आता शेतीपंपांच्या तारा आणि विजेवरची रेल्वे. ज्या तासांना शेतीची वीज नसते म्हणून शेतकरी वैतागतो, ते तास या मोजणीला सोयीचे.

मराठवाड्यात या पद्धतीची गरज एका भयंकर पहाटेनंतर जाणवली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. बीडसह साऱ्या मराठवाड्यात लोक कितीतरी दिवस घराबाहेर झोपत होते. दख्खनचे पठार स्थिर, असे पाठ्यपुस्तकांत शिकवले जात होते. मग हे कसे घडले? वरून दिसत होता तो फक्त बेसाल्ट. खालचे काही दिसत नव्हते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने त्या भागात निरनिराळ्या तपासण्या केल्या. किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडले तेव्हा बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली, त्याखाली अवघा ८ मीटरचा गाळाचा थर आणि मग प्राचीन स्फटिकमय खडक. त्याहून खोल जाणे छिद्राला शक्य नव्हते. तेथे वर सांगितलेली नैसर्गिक संकेतांची मोजणी कामाला आली. तिला सुमारे ६ ते १० किलोमीटर खोलीवर एक चांगला वाहक पट्टा आढळला.

आता विचार करा. कोरडा स्फटिकमय खडक हा फार वाईट वाहक असतो. मग तेथे वीज वाहते कशामुळे? संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अर्थ लावला की तेथला खडक भेगाळलेला असून भेगांत द्रव भरलेला असावा; दाबाखालचा असा द्रव खडकाला कमजोर करतो आणि तेथे भूकंप होण्यास मदत करतो. अर्थ पटण्याजोगा आहे. पण मोजणीने दिले ते 'वाहक' एवढेच. 'द्रव' हा शब्द माणसाने जोडला. ग्रॅफाइटचा पातळ पापुद्राही खडकाला वाहक करू शकतो. म्हणूनच भूकंपलहरी, गुरुत्वाकर्षणातील फरक, छिद्रातले नमुने असे इतर पुरावे शेजारी ठेवून हा अर्थ लावावा लागला. कोयनेलाही असेच. तेथे बेसाल्टचा तळ किती खोल आहे याचे अंदाज या मोजण्यांनी दिले, आणि रासाटीला १,५०० मीटरहून खोल छिद्र पाडल्यावर बेसाल्ट सुमारे ९३० मीटरवर संपल्याचे प्रत्यक्ष दिसले. वरून लावलेला तर्क आणि खालून आलेला दगड यांची अशी गाठ घालून देणे महाग पडते, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

किल्लारीच्या दहा किलोमीटरवरून आता नांदूरघाटच्या तीस मीटरवर येऊ. नियम तोच, फक्त संकेत फार जलद हवा. असा संकेत १९६० च्या दशकात अनपेक्षित ठिकाणी सापडला. समुद्राच्या पाण्याखालील पाणबुड्यांशी बोलण्यासाठी नौदले सेकंदाला १५ ते ३० हजार कंपनांच्या लहरी अहोरात्र सोडत असतात. कॅनडात वाइनो रोन्का यांनी त्याच लहरी पकडून जमिनीची वाहकता शोधणारे हातात धरायचे यंत्र बनवले. आपल्या देशातही तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचे असे केंद्र १९९० मध्ये सुरू झाले. त्याच्या लहरी सेकंदाला १८,२०० कंपनांच्या. त्या बीडच्या शिवारातही पोहोचतात. यंत्र घेऊन सरळ रेषेत चालायचे आणि जेथे लहरीचे चुंबकीय क्षेत्र आडव्यावरून वर-खाली कलते ती जागा टिपायची. खाली उभी, वाहक भेग असेल तर हा कल दिसतो.

पण आपला नियम लावून पाहा. ५० ओहम-मीटरच्या झिजलेल्या खडकात ही लहर २६ मीटरपर्यंत जाते. २०० ओहम-मीटरच्या घट्ट कातळात ५२ मीटरपर्यंत. आणि ५ ओहम-मीटरच्या ओल्या काळ्या मातीत अवघी ८ मीटर! म्हणजे जेथे काळी माती जाड, तेथे यंत्राचे डोळे मातीतच मिटतात. पाचशे फुटांवर पाणी आहे असे या यंत्रावरून सांगणारा माणूस यंत्राने न पाहिलेले सांगत असतो. आणखी एक गोष्ट. तिरुनेलवेली बीडच्या जवळजवळ दक्षिणेला आहे. लहर दक्षिणोत्तर चालत येते, म्हणून दक्षिणोत्तर भेगा तिला चांगल्या दिसतात आणि पूर्व-पश्चिम भेगा जवळजवळ दिसतच नाहीत. एवढ्या एका केंद्रावर विसंबले तर पूर्व-पश्चिम भेगेवर उभे राहूनही यंत्र गप्प राहील.

सर्वांत मोठी अडचण कातळातच आहे. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये अनेकदा तांबडा, चिकणमातीसारखा थर सापडतो. विहीर खणणारे त्याला गेरू म्हणतात. चिकणमाती वीज छान वाहते, पण पाणी सोडत नाही. उलट चांगले पाणी देणारी भेग अरुंद असेल आणि पाणी गोडे असेल, तर भोवतालच्या कातळाच्या मानाने वाहकतेत पडणारा फरक थोडाच असतो. म्हणजे आकडा मोठा तेथे पाणी, हा हिशेब येथे चुकू शकतो, आणि तो चुकवतो यंत्र नव्हे तर हिशेब करणारा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक चार सळ्या ठोकून थेट प्रवाह सोडण्याची जुनी पद्धत अजून वापरतात, ती या प्रश्नातून सुटलेली नाही. पण ते आधी आसपासच्या विहिरी पाहतात, ओढ्याच्या कडेला उघडा पडलेला खडक पाहतात आणि मग आकड्यांकडे वळतात. आम्हाला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो.

२०१० नंतरच्या दशकात केंद्रीय भूजल मंडळाने राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या साहाय्याने देशात सहा ठिकाणी हेलिकॉप्टरमधून ही मोजणी करून पाहिली. त्यांतले एक ठिकाण नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा नदीचे खोरे. पद्धत डेन्मार्कमध्ये विकसित झालेली. हेलिकॉप्टरखाली तारेचे भले मोठे कडे टांगायचे, त्यात प्रवाह सोडायचा आणि एकदम तोडायचा. प्रवाह तुटताच जमिनीत प्रवाह जागे होतात आणि विझत जातात. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते कसे विझले यावरून दोन-अडीचशे मीटरपर्यंतच्या थरांची वाहकता काढायची. नागपूरकडे बेसाल्टच्या खाली काही ठिकाणी गोंडवना काळातील वालुकाश्म आहेत, म्हणून तेथे थरांचा फरक पकडण्याजोगा. नांदूरघाटकडे बेसाल्टखाली बेसाल्टच. तेथे एका थराचा दुसऱ्यापासून फरक कळायला आकड्याच्या शेजारी दगडाची नोंद लागते.

ती नोंद शाळेला करता येते. गावात बोअरची गाडी आली की दर दहा फुटांना बाहेर पडणारी भुकटी मूठभर घेऊन पिशवीत भरायची, पिशवीवर खोली लिहायची. मुरूम भुरकट-पिवळसर येतो, घट्ट कातळाची भुकटी करडी, आणि गेरू लागला की सारा राडा तांबडा होतो. पाणी कोणत्या फुटावर लागले, तांबड्या थराच्या वर की खाली, हेही लिहायचे. कोरड्या गेलेल्या बोअरची पिशवी टाकून देऊ नये. यंत्रवाल्याने त्या जागी कोणता आकडा दाखवला होता, तो मिळाला तर त्याच कागदावर शेजारी लिहून ठेवावा.